फायनलला पिचर कोण

मला वाट बघणं जमत नाही. असोद्याच्या थांब्यावर जळगावच्या बससाठी उभी राहिले की मी दर दोन मिनिटांनी रस्त्याच्या वळणापर्यंत चालत जायचे. बस दिसली नाही की परत यायचे आणि पुन्हा जायचे. बस माझ्या चालण्याने लवकर येणार नाही, हे मला कळत होतं. पण पाय ऐकायचे नाहीत. आई म्हणायची, ही मुलगी बसमध्येसुद्धा चालतच जाईल.

अशा मुलीच्या नशिबी आमचे सर आले. कॉलेजच्या मुलींच्या बेसबॉल संघाचे ते प्रशिक्षक होते आणि मॅचची यादी ते आदल्या दिवशी कधीच सांगत नसत. मॅच नऊची असली तर साडेआठला, मैदानावर पोचल्यावर, बॅटींच्या पिशवीवर कागद ठेवून ते नावं लिहायचे. तोपर्यंत बाराजणी फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

बेसबॉल म्हटलं की बाहेरगावच्या लोकांना टीव्हीवरचं काहीतरी आठवतं. आमच्याकडे तसं नाही. जळगाव-धुळ्याकडे शाळा-कॉलेजातून हा खेळ इतका चालतो की बस स्टँडवर बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे कोणी वळूनही बघत नाही. यादीत नऊ नावं असतात आणि ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने एकेकीने बॅटिंगला जायचं. नववी झाली की पुन्हा पहिली. बॉल टाकणारी, म्हणजे पिचर, मात्र एका वेळी एकच. तिचा हात थकतो, म्हणून लागोपाठच्या सगळ्या मॅच एकीलाच देता येत नाहीत. कुठल्या मॅचला कोणती पिचर उतरवायची आणि कोणती राखून ठेवायची, यातच अर्धी स्पर्धा असते.

पहिल्या वर्षी मी बाकावरच होते. पाण्याच्या बाटल्या भरायच्या, लांब गेलेले बॉल आणायचे आणि बसायचं. बसणं जमेना म्हणून मी सरांची यादी आधीच लिहून बघायला लागले. सरावानंतर एका वहीत नऊ नावं लिहायची आणि मॅचच्या दिवशी सरांच्या यादीशी ताडून बघायची. सुरुवातीला चार-पाच जुळायची. मग मी मुलींकडे बघणं सोडलं आणि सरांकडे बघायला लागले. तेव्हा गणित सुटायला लागलं.

पहिल्या नंबरला सर सगळ्यांत वेगाने पळणारी मुलगी पाठवतात असं सगळ्यांना वाटायचं. ते खरं नव्हतं. वाईट बॉलला जी बॅट लावत नाही, ती पहिली. सरावात ज्या मुलीवर सर ओरडले ती दुसऱ्या दिवशी खेळणार हे नक्की. ज्या मुलीशी ते गोड बोलले, "बेटा, घरी सगळं बरं आहे ना" असं विचारलं, ती बाकावर बसणार. सरावाला उशिरा येणारीला ते काही बोलत नसत, आठव्या नंबरला टाकत. भुसावळच्या एका संघाविरुद्ध माझी नऊच्या नऊ नावं ओळीने जुळली, तेव्हा मला इतका आनंद झाला की आम्ही ती मॅच हरलो हे मला जेवताना आठवलं.

ही गोष्ट मी कोणाला सांगायला नको होती. पण सांगितली. मग मुली यायला लागल्या. माझा नंबर कितवा? उद्या मी आहे का? मला मजा वाटत होती. एकदा आमच्यातल्या एकीला मी सांगितलं, "तू उद्या सातवी. शंभर टक्के." तिने घरी फोन केला. तिचे वडील चोपड्याहून सकाळच्या पहिल्या गाडीने मॅच बघायला आले, घरून भरीत घेऊन, सगळ्यांना पुरेल एवढं. सरांनी यादी वाचली. तिचं नाव नव्हतं. तिचे वडील अडीच तास मैदानाच्या कडेला उन्हात उभे होते आणि प्रत्येक इनिंग संपली की मला विचारत होते, "आता येईल का ती?" संपूर्ण मॅचमध्ये मी पाच वेळा पाणी प्यायला गेले. त्यांच्यासमोर थांबवत नव्हतं.

त्या दिवसापासून मी सांगणं बंद केलं. लिहिणं मात्र बंद झालं नाही.

दुसऱ्या वर्षी मी कॅचर झाले. होमप्लेट म्हणजे जिथून बॅट करायची आणि तीन बेस पळून जिथे परत आलं की रन होतो ती जागा. तिच्या मागे पॅड आणि मास्क घालून उकिडवं बसायचं आणि पिचरचा प्रत्येक बॉल पकडायचा. माझ्यासारख्या मुलीला हे काम सरांनी का दिलं हे कोणालाच कळलं नाही. पण तिथे मला पहिल्यांदा एका जागी बसता आलं, कारण दर काही सेकंदांनी काहीतरी हातात येत होतं.

आमच्या दोन पिचर होत्या. एक पहूरची. उंच, रुंद खांद्यांची, बोलायला कमी. तिचा बॉल ग्लोव्हमध्ये आला की तळहात चरचरायचा. संध्याकाळी भाकरी थापताना माझा डावा हात लाल दिसायचा आणि आई विचारायची, कोणी मारलं का. दुसरी जळगावातलीच, डावखुरी. तिच्या अब्बांचं रिक्षा आणि मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं. संघाचे फाटलेले ग्लोव्ह तेच शिवून देत, इतके पक्के की नवा ग्लोव्ह फाटायचा पण त्यांनी शिवलेला भाग तसाच राहायचा. डावखुरीचा बॉल वेगात नसायचा, पण तो शेवटच्या क्षणी वळायचा आणि समोरची मुलगी हवेत बॅट फिरवून स्वतःशीच हसायची.

सरांचा हिशेब सरळ होता. सोप्या मॅचला डावखुरी, अवघड मॅचला पहूरची. फायनल असेल तर पहूरची, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. माझ्या वहीत ती जागा मी न बघता भरायचे.

आमच्या शेवटच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा धुळ्याला होती, देवपुरातल्या एका कॉलेजच्या मैदानावर. थंडी होती. पहाटेच निघालो, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत रस्त्याच्या कामाने सगळ्यांच्या अंगावर धूळ बसली होती. पहूरची माझ्या शेजारी होती. खिडकीला डोकं टेकवून ती म्हणाली, "फायनलला निवड समितीवाले येणार आहेत. मले विद्यापीठाच्या संघात जायचंय."

"जाशीलच."

"जाशीलच नाही. मले पाहिजेच." मग तिने सांगितलं. तिला पोलीस भरतीला बसायचं होतं आणि खेळाडूंच्या जागांसाठी मोठ्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं असं तिच्या चुलत भावाने सांगितलं होतं. विद्यापीठाच्या संघातून बाहेरच्या राज्यात खेळली की ते मिळेल. "घरी बोलून ठेवलंय मी," ती म्हणाली. "एवढं होऊ दे, मग भरतीची तयारी करते. नाही झालं तर तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या वर्गातल्या तीन मुलींची त्या वर्षी लग्नं झाली होती.

पहिल्या दिवशी दोन मॅच होत्या. सकाळची डावखुरीने सहज काढून दिली. दुपारी सेमीफायनल. सरांनी पहूरचीला उतरवलं, माझ्या वहीप्रमाणेच. चार इनिंग ती नेहमीसारखी होती. पाचव्या इनिंगमध्ये तिचा एक बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये आला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. समोरची मुलगी आउट झाली होती, सगळे ओरडत होते. पण माझा हात चरचरला नव्हता. पुढचा बॉल तसाच. त्याच्या पुढचाही.

मी अंपायरकडे वेळ मागितला आणि तिच्याकडे चालत गेले.

"खांदा?"

"काही नाही."

"मी पकडते बॉल. मला नको सांगू काही नाही."

तिने हातातल्या बॉलवरची माती अंगठ्याने पुसली. "थोडा खेचला. दोन-तीन दिवस झाले. थंडीनं असेल."

"सरांना सांगितलं?"

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. "सरले सांगजो नको. तुले माझी शपथ." आणि मग एकदम मऊ आवाजात, "उद्याच्याच एका मॅचचा प्रश्न आहे ना. मग महिनाभर हात लावणार नाही बॉलला."

मी परत जागेवर जाऊन बसले. ती मॅच आम्ही जिंकलो. फायनल दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती.

मुलींची झोपायची सोय कॉलेजच्याच एका वर्गात केली होती, बाकं भिंतीला सरकवून. संध्याकाळी सगळ्या शेवभाजी खायला बाहेर गेल्या. मी डोकं दुखतं म्हणून मागे राहिले आणि व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. खांदा खेचला म्हणजे किती? सात इनिंग टाकल्या तर काय होईल? पोलीस भरतीला मुलींना गोळा फेकावा लागतो. खांदा गेला तर ती गोळा कुठल्या हाताने फेकणार? मग वाटायचं, तू काय डॉक्टर आहेस? चरचरला नाही हात, तर कदाचित तुझाच हात बधिर झाला असेल. एका दिवसात दोन मॅचचे बॉल पकडले आहेस. तेवढ्यात मुली परत आल्या. पहूरची माझ्यासाठी वर्तमानपत्रात दोन पोळ्या आणि थोडी भाजी घेऊन आली होती. "खा," म्हणाली आणि माझ्या शेजारी सतरंजी टाकली. डाव्या कुशीवर झोपली. ती नेहमी उजव्या कुशीवर झोपायची. संघाबरोबर तीन वर्षं हिंडल्यावर कोण कुठल्या कुशीवर झोपतं, हे माहीत होतं.

सकाळी साडेसहाला मी तोंड धुवायला नळावर गेले तर सर तिथे कट्ट्यावर चहाचा ग्लास घेऊन बसले होते. कानटोपी, गळ्याभोवती पंचा. सर मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. वर्गात, मैदानावर ते छापील मराठी बोलत. काळजीत असले की अहिराणी सुरू व्हायची.

"बठ्ठ्या उठन्यात का?"

"नाही सर. दोघी-तिघी उठल्यात."

"वही आण."

मला आधी कळलंच नाही. "कोणती वही सर?"

"तू नावं लिहितेस ती. दोन वर्षं झाली मला माहीत आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "चोपड्याच्या त्या मुलीला मी मुद्दाम बाहेर ठेवलं होतं त्या दिवशी. तू सांगितलं होतंस तिला. संघ मी काढतो की तू, हे बघायचं होतं मला."

माझे कान तापले. तिचे वडील उन्हात उभे होते ते माझ्यामुळे, एवढंच मला आजवर वाटत होतं. ते आमच्या दोघांमुळे होते तर. मला सरांना काहीतरी बोलायचं होतं, पण मी वही आणायला गेले.

परत आले तेव्हा सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला होता. पहिल्यांदाच ते मॅचच्या इतक्या आधी यादी करत होते. बॅटिंगचा क्रम पूर्ण लिहिला होता. पिचरच्या जागी काहीच नव्हतं.

"हाई एकच माले समजी नही राहिनं," ते म्हणाले. "काल तिचे शेवटचे बॉल मंद पडत होते. पण दुसरीने कालच सकाळी पाच इनिंग टाकल्या आहेत. तुना वहीमा काय शे?"

मी वही उघडली. पिचरच्या जागी पहूरचीचं नाव होतं. मी ते बसमध्येच, धुळ्याला पोचायच्या आधी लिहिलं होतं.

सरांनी ते वाचलं आणि मान हलवली. "मग ठीक. तूच तिचे बॉल पकडतेस. तुला ती चालेल असं वाटतं तर..." आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तेव्हा मला कळलं की सर चुकीचं समजले आहेत. वहीत मी सर काय करतील ते लिहीत होते. मी काय केलं असतं, हे दोन वर्षांत मी एकदाही लिहिलं नव्हतं. तो विचारच कधी केला नव्हता. पेन कागदाला टेकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तिचा खांदा दुखतोय."

सर थांबले. "खरं शे का?"

"हो. पाचव्या इनिंगपासून. तिने सांगू नको म्हटलंय."

नळ नीट बंद झाला नव्हता, मी तो तीनदा पिळला. मग सरांनी डावखुरीचं नाव लिहिलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "जा. पोरींना उठव."

साडेनऊला सरांनी यादी वाचली. पिचर डावखुरी. पहूरची फील्डिंगला पहिल्या बेसवर, बॅटिंगला चौथी. सगळ्यांची डोकी एकदम पहूरचीकडे वळली. ती सरांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी वाकून पॅडचे पट्टे बांधायला लागले. ते आधीच बांधलेले होते.

डावखुरी माझ्याजवळ आली. "यार, मेरेको सच बता, तिला का काढलं? तीन माणसं खुर्च्या टाकून बसलीत तिकडे वह्या घेऊन."

"तू बॉल टाक," मी म्हटलं.

तिने टाकले. चार इनिंगपर्यंत समोरच्यांना एक रन मिळाला. पहूरचीने बॅटिंगला जाऊन पहिल्याच बॉलला मैदानाच्या कुंपणापर्यंत मारलं आणि आमच्या दोघी होमप्लेटवर पोचल्या, दोन रन झाले. ती दुसऱ्या बेसवर उभी होती, टाळ्यांकडे तिचं लक्ष नव्हतं.

पाचव्या इनिंगमध्ये ते घडलं. समोरच्या संघाची एक मुलगी तिसऱ्या बेसवर होती. बॅट करणारीने पहिल्या बेसच्या बाजूला जमिनीलगत मारलं आणि तिसऱ्या बेसवरची होमप्लेटकडे सुटली. सोपी गोष्ट अशी होती की पहूरचीने बॉल उचलून शेजारच्या बेसला पाय लावायचा आणि मारणारीला आउट करायचं. रन गेला असता तर गेला असता. पण तिने बॉल उचलला, वळली आणि पूर्ण हाताने माझ्याकडे फेकला.

बॉल जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवरून सरळ आला. माझ्या ग्लोव्हवर आदळला तेव्हा मनगटापर्यंत कळ गेली. मी पळत येणाऱ्या मुलीला बॉल टेकवला. आउट. सगळं मैदान ओरडत होतं. मी मात्र तळहाताकडे बघत होते. चरचरत होता. पूर्वी कधी चरचरला नव्हता इतका.

मान वर केली तर ती तिकडून माझ्याकडेच बघत होती. दोन्ही हात कमरेवर. तिला कळलं होतं मी सांगितलं ते, आणि तिने मला उत्तर दिलं होतं.

तिथून पुढे मला एकही बॉल नीट दिसला नाही. सहाव्या इनिंगपासून डावखुरी थकली. तिचा बॉल वळेना. सातव्या इनिंगमध्ये आम्ही एका रनने पुढे असताना तिने लागोपाठ दोघींना वाईट बॉल टाकून फुकट बेस दिले. सर उठून उभे राहिले. त्यांनी पहूरचीकडे बघितलं. तिने ते बघितलं आणि खांदे सैल केले, एक पाऊल पुढे आली. मग सरांनी माझ्याकडे बघितलं. मी फक्त हात वर करून हाक मारायची होती: सर, तिला आणा, ती ठीक आहे, मघाशी बॉल बघितलात ना. माझा हात वर गेला नाही. तो बॉल एकदाचा रागाने आलेला असेल, असं मला वाटत होतं. आणि आता रागाने वीस बॉल टाकले तर, असंही वाटत होतं. सर खाली बसले.

त्यानंतर एक लांब फटका आणि दोन रन. आम्ही हरलो.

निवड समितीने दुपारी नावं वाचली. आमच्या संघातून दोघी. डावखुरी आणि मी.

परतीच्या बसमध्ये पहूरची ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली, एकटी. मी पारोळ्यापर्यंत तीनदा उठले आणि तीनदा परत बसले. चौथ्यांदा तिच्याजवळ गेले.

"ऐक ना."

"तुझं अभिनंदन," ती म्हणाली. खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली. एवढंच.

सर तिला पुढच्या आठवड्यात जळगावात हाडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती आणि शेक सांगितला. याचा अर्थ काय घ्यायचा? काही मोठं नव्हतं म्हणून ती खेळू शकली असती, की ती खेळली नाही म्हणून मोठं झालं नाही? मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "माहीत नाही. मलाही झोप लागली नाही दोन दिवस." मग म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस असंही मी म्हणणार नाही आणि वाईट केलंस असंही नाही. ठरवलं मी." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

ती सरावाला पुन्हा आली नाही. परीक्षेला दिसायची, लांबून मान हलवायची. मी विद्यापीठाच्या संघातून खेळायला गेले. जायला नको असं एकदाही मनात आलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. डावखुरीच्या अब्बांनी जायच्या आधी माझा ग्लोव्ह उसवून नव्याने शिवून दिला. तिथे आमचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. प्रमाणपत्र मिळालं. पुढे खेळाच्या शिक्षिकेची नोकरी मिळताना ते कामालाही आलं. ज्या कागदासाठी ती झगडत होती तो माझ्या फायलीत आहे, ही गोष्ट मला जेवता जेवता, रस्ता ओलांडताना, मुलांची हजेरी घेताना अचानक आठवायची आणि मी पुढचं नाव घ्यायला विसरायचे.

नोकरी धुळ्यातच लागली, देवपुरातल्या एका शाळेत. तिथे सहा-सात वर्षं झाली असतील. एक दिवस शाळा सुटल्यावर स्कूटीवरून पांझरेच्या पुलाकडे निघाले होते. पुलाच्या तोंडाशी पोलीस गाड्या थांबवत होते. मी डोक्यावर हेल्मेट घातलं नव्हतं. ते पायाशी ठेवलं होतं.

"गाडी बाजूला घ्या मॅडम. लायसन."

मी पर्समध्ये शोधत होते, मान खाली. लायसन पुढे केलं. बराच वेळ ते परत येईना म्हणून मी वर बघितलं.

खाकी वर्दी, टोपी, थोडी जाड झालेली. खांदे तसेच.

"हेल्मेट पायात घालायचं असतं का?" ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघालं ते असं: "तू झालीस भरती?"

"नाही, वर्दी भाड्यानं आणली."

तिने तिच्याबरोबरच्या शिपायाला काहीतरी सांगितलं आणि आम्ही पुलाच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिलो. खाली नदीत पाणी थोडंच होतं. ती तिसऱ्या प्रयत्नात भरती झाली होती, कुठल्याही खेळाडूंच्या जागेतून नाही, साध्या यादीतून. पहिल्या वेळी पळण्यात राहिली, दुसऱ्या वेळी लेखीत. मध्ये घरच्यांनी दोन स्थळं आणली, ती तिने कशी परतवली ते सांगताना ती हसत होती. गोळाफेकीत तिन्ही वेळा पूर्ण गुण मिळाले होते.

"म्हणजे खांदा..." मी म्हटलं.

"खांदा चांगला आहे."

"त्या दिवशी तू टाकू शकली असतीस?"

"शकली असती."

"नसतीस. तू डाव्या कुशीवर झोपली होतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुले ते आठवतं?" मग तिचा आवाज चढला. ट्रकच्या आवाजात तिला तसंही ओरडूनच बोलावं लागत होतं. "मले सांग, तू सरले सांगितलं ते ठीक. सकाळी सांगितलं, यादी वाचायच्या आधी, हे नंतर सरच बोलले मले. मधे तीन तास व्हते. मी तुझ्याच शेजारी केस विंचरत व्हती. तू मले उठवून का नाही सांगितलं, की मी बोलली सरांशी? मी त्याच जागेवर भांडली असती तुझ्याशी. सरांशीपण भांडली असती. कदाचित मी हरली असती भांडणात. पण मले यादीत कळलं. सगळ्यांसमोर. मी फायनल गेली म्हणून सराव सोडला असं वाटतं तुले? मी एवढी वर्षं ज्या मुलीकडे बॉल फेकला, ती वाकून बांधलेले पट्टे पुन्हा बांधत होती. मग फेकायचा कोणाकडे?"

इतकी वर्षं मी एकच गोष्ट उलटसुलट करत होते: सांगितलं ते बरोबर होतं की चूक. तिचा राग त्यावर नव्हताच. माझे पाय नेहमीप्रमाणे चालायला बघत होते, पण तिथे एका बाजूला कठडा होता आणि दुसऱ्या बाजूला ती.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुला सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. नाही गं, जाऊ दे, झालं गेलं, यातलं काहीच म्हणाली नाही.

तिकडून शिपायाने हाक मारली. एका टेम्पोवाल्याशी वाद सुरू झाला होता. तिने टोपी सरळ केली, माझं लायसन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बुधवारी मले सुट्टी असते. पोलीस लाईनीत येऊन क्वार्टर नंबर विचार, कोणीपण सांगेल. आई आलेली आहे पहूरहून, वरण-बट्टी करते. आलीस तर ये." मग जाता जाता मागे वळून, "नक्की येणार असशील तरच सांग. नाहीतर ती उगाच जास्त करून ठेवते."

मी हो म्हटलं. त्या दिवशी सोमवार होता.